ज्या घरातली उतरंड पडली नाही

काका, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. यात कुणाचा दोष नाही. ती मलाच तुमच्यानंतर कळली. बागवानांच्या गल्लीतल्या बीबी खरं बोलत होत्या. त्यांच्या भांड्यांची उतरंड खरोखरच पडली नव्हती.

हे ऐकून तुम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. चष्मा कपाळावर सरकवून "पुन्हा सांग" म्हणाला असतात. मग टोपी न घालताच निघाला असतात, आणि काकू मागून म्हणाल्या असत्या, "आवं, ऊन लई हाय, निदान उपरणं तरी घ्या डोक्यावर." टोपी अजून खुंटीवरच आहे. काकूंनी ती काढलेली नाही, मीही विचारलेलं नाही.

भेटायला येणारी माणसं तुमच्याविषयी बोलतात त्यात तुम्ही मला फारसे सापडत नाही. तामीरात म्हणजे बांधकाम खात्यातले शिस्तीचे ओव्हरसीअर, दौऱ्यावर कुणाच्या घरचा पानसुपारीचा विडाही न घेणारे, पूल आणि बंधारे बांधणारे. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला पुष्कळ माणसं आहेत. खरवसाच्या ताटात दगड ठेवून बसलेले काका मात्र त्यात कुठे नाहीत. मला तेवढेच माहीत आहेत, म्हणून मी तेवढंच बोलते.

मी हैदराबादेहून तुमच्याकडे आले ती शिकवायला. माझी सगळी शाळा इंग्रजीतून झालेली. घरी मराठी बोलायचो, पण ती घरच्या चार माणसांपुरती. बीडला मुलींच्या शाळेला बाई मिळत नव्हती आणि तुम्ही बाबांना सांगितलंत की ही घरी बसून पुस्तकं वाचते, ती इथे बसून वाचील. शाळा म्हणजे बिंदुसरा नदीकडच्या पेठेतलं भाड्याचं घर. वर माळवद, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाआधी त्यावर नवी माती चढायची. जुनी कुणी काढत नसे. लहान मुलींसमोर मला बोलता यायचं. मोठं माणूस दारात आलं की मी फळ्याकडे वळायचे. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात, "आमची मडम इंग्रजीत गप्प बसते, म्हणून तुम्हाला समजत नाही." मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, माझ्या गप्प बसण्याची इतकी बाजू दुसऱ्या कुणी घेतली नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी जमीन हलली तेव्हा मी शाळेत होते. आधी गुरगुर आली, मग पाट्या सरकल्या, मग माळवदातून माती भुरभुरली आणि एका तुळईशेजारची भिंत तडकली. मी मुलींना अंगणात काढलं. कुणाला काही झालं नाही. धावत घरी आले तर तुम्ही नुकतेच कचेरीतून येऊन पाय धूत होतात. मी सांगितलं तेव्हा म्हणालात, "गाडी गेली असेल जवळून एखादी." तुमची कचेरी टेकडीच्या उतारावर, मुरमावर. तुम्हाला काही कळलंच नव्हतं. एकाच गावात, एकाच घटकेला मी मुलींना ओढून बाहेर काढत होते आणि तुमच्या दौतीतली शाईसुद्धा हिंदकळली नव्हती.

दुसरं कुणी असतं तर मी भित्री आहे म्हणून विषय संपला असता. तुम्ही पाय पुसायचे विसरलात. ओल्या पायांनी तसेच आत गेलात आणि शेजारून आलेलं खरवसाचं ताट घेऊन बाहेर आलात. अंगणातून दोन खडे उचललेत. एक ताटाच्या काठावर ठेवलात, एक खरवसावर, आणि ताटाला बोटानं टिचकी मारलीत.

"बघ. ताट म्हणजे खालचा खडक. खरवस म्हणजे नदीकाठची माती. धक्का दोघांना एकच."

काठावरचा खडा जागेवर होता. खरवस डुलत राहिला आणि त्याच्यावरचा खडा घसरला.

"खायचं सोडून त्याला हालवत काय बसलाव?" काकू दारातून म्हणाल्या.

"हे शास्त्र आहे."

"शास्त्र मला न्हाई कळत. खडा धुतलेला हाय का तेवढं सांगा."

तो धुतलेला नव्हता. खरवस गाईला गेला. त्या रात्रीच्या जेवणात तुम्ही मला उत्तरेकडच्या मोठ्या भूकंपाच्या बातम्या सांगितल्यात, वर्तमानपत्रात वाचलेल्या. नद्यांच्या गाळावर वसलेल्या शहरांत एक पेठ भुईसपाट झालेली आणि त्याच शहरात थोड्या अंतरावर घरं उभी. लोक म्हणत होते, त्या पेठेत पाप फार झालं होतं. तुम्ही म्हणालात, पापाला पेठ कुठली ते कळत नाही. खडक धक्का घेतो आणि पुढे देऊन मोकळा होतो. मऊ माती तो वाढवते आणि सोडत नाही. त्यातून मातीचा आणि घराचा झोका एकच निघाला तर पाळण्याला वेळेवर हात लावल्यासारखं होतं, प्रत्येक धक्क्याला झोका वर जातो.

"पण आपली पेठ तर पांढरीवर आहे," मी म्हटलं. काकू नेहमी सांगायच्या की काळी शेताला आणि पांढरी घराला, पांढरीवर बांधलेलं घर टिकतं.

"पांढरी म्हणजे काय गं? जुनी घरं पडली, त्यांच्या मातीवर नवी उठली, ती पडली, त्यावर आणखी उठली. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर आपण टिकण्याची खात्री शोधतो."

काकूंना ते आवडलं नाही. मलाही त्या वेळी आवडलं नव्हतं, कारण मी त्याच ढिगाऱ्यावर निजत होते.

मग तुम्हाला गाव मोजायचं होतं. कुठे किती हललं ते सांगणारं यंत्र बीडात नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बराच वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, यंत्र घरोघर आहे. काकूंची उतरंड कोपऱ्यात होती: तळाला ज्वारीचा मोठा डेरा, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, वर मिठाचं मडकं. ज्या घरात जोरात हललं असेल तिथली पडली असणार, जिथे नाही तिथली उभी असणार. फक्त गावातल्या चुलीपर्यंत पुरुषमाणूस जाणार कसा?

म्हणून मी जावं असं तुम्ही सुचवलंत. मी नाही म्हटलं. तुम्ही आग्रह केला नाहीत. एवढंच म्हणालात, "मग तुझ्या काकूला पाठवावं लागेल. ती उतरंडीच्या आधी तुझ्यासाठी स्थळं विचारून येईल."

दुसऱ्या दिवशी मी निघाले.

पहिल्या घरी मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "भूकंपसमयी आपल्या स्वयंपाकगृहातील उतरंड कोसळली काय?" त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "आत्याबाई, भायेर या हो, ही मास्तरीण कीर्तनातलं बोलतीया." आत्याबाई आल्या, मी पुन्हा म्हटलं, दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. तिसऱ्या घरापर्यंत मी शिकले: "जमीन हालली तवा तुमची उतरंड पडली का हो?" काही घरांत मला उंबऱ्यापलीकडे जाता येत नसे, सोवळं असे. काही घरांत ओसरीवर चटई टाकून मला बसवत आणि मीच उत्तर द्यावं असे प्रश्न विचारत. लग्न कावून केलं न्हाई, हैदराबादेत बाया मोटारीत बसत्यात का. मी थोडंथोडं सांगायला लागले.

पण उतरंडीचं उत्तर सगळीकडे एकच. न्हाई पडली. नदीकडे नाही, पेठेत नाही, टेकडीकडे नाही. संध्याकाळी मी तुम्हाला ते सांगितलं आणि तुमचा चेहरा उतरला. तुम्ही वाद घातला नाहीत, माझ्या विचारण्यावर संशय घेतला नाहीत. "मग माझा खरवस खोटा," एवढंच म्हणालात आणि लवकर जेवून झोपलात.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. नदीकडच्या एका घरात धुरानं काळ्या झालेल्या मडक्यांच्या मधोमध दोन मडकी लाल होती, नुकती भट्टीतून काढल्यासारखी. शेजारच्या घरात एक. तिसऱ्या घराच्या परसात खापरांचा ढीग शेणाच्या पाटीखाली झाकलेला. दुसऱ्या सकाळी आपली उतरंड पाहिली. मधलं मडकं लाल.

"काकू, हे कधी आणलं?"

"हळू बोल. बाजारच्या दिवशी."

"आपली पडली होती?"

"पडलेली उतरंड बोलून दाखवू न्हाई. घरची लक्ष्मी हालली म्हन्त्यात. आमी बाया सावडतो अन् परत रचतो, झालं."

"पण काका नेमकं तेच शोधताहेत."

"म्हणून तर त्यांनला न्हाई सांगितलं."

मी त्यांना हात धरून तुमच्यापुढे आणलं. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. "सगळ्या गावाची तपासणी आणि माझ्याच चुलीजवळ अंधार." काकू म्हणाल्या, "शास्त्राला आता कुंभाराकडं धाडा, मिठाचं मडकं बी गळतंय." तुम्ही खरंच गेलात आणि दोन मडकी घेऊन आलात, एक जास्तीचं. भेटायला येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या फेरीत मी प्रश्नच बदलला. आधी आपली गोष्ट सांगायची: आमची पडली, काकूंनी लपवली, काकांना कळलं तेव्हा असं असं झालं. बायका हसायच्या, आणि हसून झाल्यावर एखादी म्हणायची, "आमची बी पडलती, बाई. कुनाला सांगू नका." मी घरांची नावं तुम्हालासुद्धा सांगितली नाहीत, फक्त जागा सांगितली. तुम्ही ओसरीवर खडूनं गाव काढलंत. पडली तिथे ज्वारीचा दाणा, उभी राहिली तिथे तुरीची डाळ. नदीकाठ आणि पांढरी ज्वारीनं भरली, टेकडीकडचा उतार डाळीनं. तुम्ही उकिडवे बसून ते पाहत होतात आणि तुमच्या तोंडावर जो आनंद होता तो मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या माणसाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

एकच डाळ चुकीच्या जागी होती. बागवानांच्या गल्लीच्या टोकाला, चहूकडे ज्वारी असताना.

बीबींचं घर ते. त्यांची मुलं फळं विकतात, त्या स्वतः दारात बसून सगळ्या गल्लीवर नजर ठेवतात. मी आमची गोष्ट सांगितली, त्या पोटभर हसल्या, आणि म्हणाल्या, "माझी न्हाई पडली, बेटा."

"आमची पडली, बीबी. सगळ्यांचीच पडली."

"पडली असंल. माझी न्हाई पडली तर न्हाई पडली. खोटं कावून बोलू?"

त्यांच्या घरात मातीची मडकी नव्हती. तांब्याची होती, कल्हई केलेली, एकावर एक. तांबं फुटत नाही. पडली तरी उचलून पुन्हा रचता येतात आणि काही कळत नाही. मी तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही थोडा विचार केलात, ती डाळ उचललीत आणि तिथे ज्वारीचा दाणा ठेवलात. "हीही लपवते आहे." मलाही तसंच वाटलं. आदल्याच आठवड्यात आपण शिकलो होतो की बायका खरं सांगत नाहीत, आणि ते शिकल्याचा आपल्या दोघांना जरा अभिमानच होता.

त्यानंतर शाळेच्या जागेचा वाद. शाळा त्या तडकलेल्या घरात ठेवायची नाही यावर आपलं एकमत होतं. हैदराबादेहून नव्या इमारतीची मंजुरी आली होती, जागा ठरवून कळवायची होती. वेळेत कळवली नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार होती. देशमुखांनी टेकडीवरची जमीन देऊ केली. तुम्हाला दुसरी जागा दिसतच नव्हती. हातभर मुरूम, त्याखाली काळा दगड.

मी म्हटलं, तिथे मुली येणार नाहीत.

"चालायला पाय आहेत की."

"पाय आहेत. पण ओढा ओलांडायचा, कबरस्तानाच्या कडेनं जायचं, वाटेत घर नाही. आईची हाक ऐकू जाईल तेवढ्यावरच मुली शाळेत येतात."

"हाक ऐकू येईल तिथे माळवद अंगावर आलं, तर त्या हाकेचा काय उपयोग?"

तुमचं बरोबर होतं म्हणून माझं चूक ठरत नव्हतं, आणि हे मला कसं मांडावं ते कळेना. मी गप्प झाले. समोरचा गप्प झाला की वाद संपला असं तुम्ही समजत नव्हतात, हे तुमचं वेगळेपण. चार दिवसांनी, हातात पाण्याचा तांब्या असताना, मध्येच विचारायचात, "हं, मग काय म्हणत होतीस?" मी पुन्हा तेच म्हणायचे, तुम्ही पुन्हा तेच. तुम्ही मला कधी "बोल" म्हटलं नाहीत. नुसते थांबायचात. थांबणारी माणसं फार थोडी असतात.

पाऊस सरताना तुम्ही बंधाऱ्यावर गेलात आणि ताप घेऊन आलात. तो उतरायचा, चढायचा. एका सकाळी शुद्धीत होतात आणि म्हणालात, "टेकडीचं ठरलं ना?"

मी कपाळावरची पट्टी बदलत होते. म्हटलं, "आधी बरे व्हा."

"हे उत्तर नव्हे," तुम्ही म्हणालात. चिडून नाही. मुलीची चूक दाखवताना मी म्हणते तसं.

आपल्यातलं नीटसं बोलणं ते शेवटचं. त्याचं मला दुःख होत नाही असं नाही. पण तुमच्या डोळ्यांपुढे खोटं "हो" म्हणाले नाही याचं बरंही वाटतं. तुम्ही ते ओळखलं असतंत आणि मग तापातही वाद घातला असतात.

तुम्ही गेल्यावर बीबींनी सीताफळांची पाटी पाठवली. सुतक फिटल्यावर मी ती परत द्यायला गेले. काकूंनी पाटीत शेंगदाणे आणि गूळ घातला, रिकामी पाटी परत देऊ नये म्हणून. बीबींनी मला आत परसात नेलं. हात धुवायला मी त्यांच्या आडातून पाणी शेंदलं आणि पोहरा वर येताना आत पाहत राहिले. त्या अंगाच्या सगळ्या आडांना आतून दगडाचं बांधकाम आहे, नाहीतर माती ढासळते. या आडाला काही नव्हतं. काठापासून खाली थेट काळा दगड, छिन्नीच्या खुणांसकट.

"बीबी, हा बांधला नाही?"

"बांधायचं काय त्यात? माटीच कुटं हाय. माझ्या सासऱ्यानं सुरुंग लावून लावून फोडला. गल्ली हसायची, म्हनायची, मियाँ पानी काडतो का डोंगर काडतो."

"गल्लीत बाकीच्यांचे आड?"

"ते नरम. आमच्याच नशिबाला पत्थर. हितनं मागच्या रंगाऱ्यांच्या आवारापोतर असंच हाय. भेंडीसुदा लागत न्हाई."

रंगारी कधीच गाव सोडून गेले होते, त्यांचं ते आवार सरकारजमा होऊन ओस पडलं होतं. मी पोहरा हातात धरून उभी होते. बीबी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, "तवा तुमी माझ्यावर इश्वास न्हाई ठेवला ना?"

"नाही ठेवला."

"तुझ्या काकानं बी?"

"नाही."

"म्हनून आले न्हाईत. तू म्हनालीस, काका सोता येऊन बघतील. मी चा ठेवलता त्या दिवशी."

काका, तुम्ही असता तर तिथल्या तिथे माफी मागून चहा मागितला असतात. मी माझ्या परीनं तो चहा प्यायले. त्यांनी मला साखर जास्त घातली.

घरी येताना मी रंगाऱ्यांच्या आवाराला वळसा घालून आले. पेठेतल्या घरांची मागची दारं तिथून दिसतात. एका दारातून एक आई आपल्या सोनीला जेवायला बोलावत होती आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

जागेची बैठक तहसील कचेरीत झाली. तहसीलदारसाहेब, वकीलसाहेब, देशमुख आणि आणखी दोघे-तिघे. तुमच्या जागी मला बोलावलं होतं, दाराजवळची खुर्ची दिली होती. सगळ्यांनी तुमच्याविषयी चांगलं बोलून घेतलं. मग देशमुख म्हणाले, "ओव्हरसीअरसाहेबांची टेकडीच इच्छा हुती. गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा न्हाई. ल्ह्या टेकडी." सगळ्यांनी माना हलवल्या. लिहायला घेतलंसुद्धा.

तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी वाद घालणं सोपं होतं. तुम्ही गेल्यावर तुमचं म्हणणं खोडणं म्हणजे त्या खोलीतल्या सगळ्यांच्या आदराला हात लावणं. माझ्या बोलण्याची वाट पाहणारं तिथे कुणी नव्हतं. मी उभी राहिले, कारण बसून आवाज निघाला नसता.

"टेकडी पक्की आहे," मी म्हटलं. "काका बरोबर होते. पण टेकडीवर शाळा उभी राहील आणि मुली राहणार नाहीत."

"बाई, तुमच्या काकांनीच सांगितलं हुतं. आता तुमीच मोडता का?"

"मी हे त्यांनाही सांगितलं होतं. आमचा वाद संपला नव्हता."

वकीलसाहेब हसले. "मग आता एकट्यानं संपवता?"

मी रंगाऱ्यांच्या आवाराचं सांगितलं. आडाचं सांगितलं. बीबींच्या भांड्यांचं सांगितलं, आणि आपण त्यांना खोटं ठरवलं होतं तेही. वकीलसाहेब म्हणाले, "बागवानांच्या गल्लीमागं? तिकडं देशमुखांच्या घरच्या मुली जातील काय?"

सगळे देशमुखांकडे पाहायला लागले. देशमुखांनी मिशीवरून हात फिरवला. "माझी पोरगी रोज तिथंच सीताफळं खाऊन येती. खायला जाती तर शिकायला जायाला काय हुतंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर बाई, एका म्हातारीच्या भांड्यावर सरकारचं बांधकाम हुत न्हाई."

"तर खणून बघा," मी म्हटलं.

तहसीलदारसाहेबांनी मान डोलावून समोरचा कागद बाजूला सारला. ते म्हणाले, "बजा है. पहले खुदाई, फिर लिखाई."

खणलं. बहुतेक सगळीकडे गुडघाभर खाली कुदळ दगडावर आली. गल्लीकडच्या एका कोपऱ्यात मात्र मऊ माती लागली, खोल गेलं तरी दगड नाही. तो कोपरा अंगणाला सोडायचं ठरलं. बीबी दारातून सगळं बघत होत्या. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. त्या खणणाऱ्यांना पाणी पाठवत राहिल्या. जागेचं हैदराबादेला लिहून गेलं.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मी रोज ऐकते. जागा अरुंद आहे. हवा कमी. एका कोपऱ्यात मऊ लागलं म्हणजे दगड सगळीकडे सारखा नाही, आणखी चार खड्डे घे. तो शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि मी चार खड्डे घ्यायला लावले. बाकीच्यांवर आपण भांडलो असतो. मी हरलेही असते कदाचित. जागा जिंकल्याचा आनंद असा काही मला झाला नाही. ज्याच्याशी बोलून तो पक्का झाला असता तो माणूस नव्हता. पण माझ्या डोळ्यांपुढे जे होतं ते मी बोलले, आणि ते बोलायला लागणारं बळ तुमच्या ओसरीवर ज्वारी-डाळ मांडताना माझ्या अंगात कधी आलं ते मला कळलं नाही. तुम्ही दिलंत असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. तुम्ही मला काम दिलंत, आणि कामाच्या पाठोपाठ ते आलं.

तामीरातमध्ये तुमच्या जागी नवे साहेब आले आहेत. माणूस वाईट नाही, फार मोठ्यानं बोलतात. त्यांनी नकाशा काढला आहे आणि त्यावर माळवद दाखवलं आहे, जाडजूड, कारण उन्हाळ्यात गार राहतं. मुलींच्या डोक्यावर इतकी माती मला नको आहे, खाली दगड असला तरी. दगड धक्का मोठा करत नाही म्हणालात, तो येणारच नाही असं म्हणाला नव्हतात. हलकं छप्पर असावं असं मला वाटतं, आणि मग उन्हाचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. या गोष्टीपर्यंत आपण पोचलोच नव्हतो. तुमचं मत काय असतं याचा अंदाजही मला बांधता येत नाही, आणि तो बांधून तुमच्या नावानं मांडायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे. जे मांडीन ते माझं.

उद्या सकाळी मी छपराचं बोलायला नव्या साहेबांच्या कचेरीत जाणार आहे. काकू म्हणाल्या, "मी येती सोबत, दारात बसून राहीन." मी म्हटलं, नको.